जटायूचं पान

"सायबानू, ही पोथी आता म्हातारी झाली. येत्या पुनवेक ती व्हाळात सोडूची आसा."

सगुणतात्यांनी हे मला इतक्या सहज सांगितलं, की आधी मला वाटलं आपल्याला मालवणी कळली नाही. मी यवतमाळचा. कुडाळला येऊन चार महिने झाले होते आणि अजून 'खंय' म्हणजे कुठे आणि 'कित्याक' म्हणजे कशाला, हे मनात घोकूनच मी घराबाहेर पडत असे.

"सोडायची म्हणजे?" मी विचारलं.

"सोडूची म्हणजे सोडूची. पाण्यात."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. ज्या पोथीसाठी काचेची पेटी मुंबईहून बनवून आणली होती, जिच्यासाठी पंधरा दिवसांनी फीत कापली जाणार होती, ती हा म्हातारा ओढ्यात बुडवायला निघाला होता.

आमचा प्रकल्प असा होता : जिल्ह्यातल्या लोककला शोधायच्या, नोंदवायच्या, एक केंद्र उभारायचं, गोव्याला जाणारे पर्यटक तिथे उतरवायचे आणि त्यातून कलावंतांच्या घरात दोन पैसे येतील असं बघायचं. मी समन्वयक. अकरा महिन्यांच्या करारावर. केंद्राची इमारत तयार होती, पार्किंग तयार होतं, संडाससुद्धा तयार होते. नव्हता फक्त वारसा. तो ठाकरवाडीत होता, सगुण ठाकरांच्या घरी, लाल फडक्यात बांधलेला.

हे ठाकर लोक चित्रं दाखवून कथा सांगतात. नवरात्रात रवळनाथाच्या देवळात बसायचं, मांडीपुढे एक फळी उभी करायची, तिला चित्राचं एकेक पान टेकवायचं आणि वीणेवर रामायण गायचं. तात्यांच्या पोथीत चव्वेचाळीस पानं होती. काजळीचा काळा, गेरूचा तांबडा, आणि कसला तरी जुना पिवळा रंग. कडा झिजलेल्या, कोपरे वाळवीने खाल्लेले.

"तात्या, जगात आता अशा पोथ्या उरल्या नाहीत," मी म्हणालो. "आम्ही ती काचेत ठेवू. शंभर वर्षं काही होणार नाही."

"काचेत ठेवन काय करतली ती?"

"लोक बघतील."

"बघतीत. आणि मगे?"

या 'मगे'चा रकाना माझ्या अहवालात नव्हता. मी विषय बदलला. "निदान एखादं पान तरी दाखवा."

"एकच पान कसा दाखवू? कथेक पोथी उघडली की ती पुरी करूकच व्हयी. अर्ध्यार मिटली, तर रामाक रानात सोडून घराक इल्यासारख्यां." मग त्यांना माझी दया आली असावी. "शेवंती बघून काढता तेवा उघडी आसता. काढूक उघडली तर दोष नाय. तेवा येवा."

शेवंती त्यांची सून. तिचा नवरा गोव्यात एका हॉटेलात वाढपी होता. त्याने कुंचला कधी हातात धरला नव्हता. तात्यांचे हात कापू लागले आणि पोथी सुनेकडे गेली. वाडीत ते कुणाला फारसं आवडलं नव्हतं. पण नियम असा, की जुनीवरून नवी पोथी काढून पुरी झाल्याशिवाय जुनी पाण्यात जात नाही, आणि फाटक्या पोथीवर देवळात कथा होत नाही. दुसरं कोण काढणार होतं?

कुडाळच्या एसटीडी बूथवरून मी आमच्या संचालक आठल्येमॅडमना फोन लावला.

"बुडवणार?" मॅडम ओरडल्या. "ढोमणे, तुम्ही तिथे कशासाठी आहात? समजवा त्यांना. पेटी रिकामी ठेवून मी पाहुण्यांना काय दाखवू, काच? आणि तुमच्या कराराचं मी वर काय सांगू?"

लग्न ठरलं होतं माझं. सासऱ्यांना मी 'सरकारी प्रकल्पात' म्हणून सांगितलं होतं. त्यातला अकरा महिन्यांचा भाग गिळला होता.

*

मंगळवारी मी कॅमेरा, टेप आणि माझी निळी फाइल घेऊन गेलो. तात्या देवळात गेले होते. शेवंती पडवीत बसली होती. एका बाजूला जुनी पोथी, दुसऱ्या बाजूला तिची नवी. तिची त्रेचाळीस पानं झाली होती. राहिलं होतं एक, तेविसावं. जटायूचं.

"ह्यां पान माका जमणा नाय," ती म्हणाली. "आठ वेळा काढलंय. आठय वेळा फाडलंय."

मी जुनं पान उचललं आणि, खरं सांगतो, बघतच राहिलो. रावणाचा रथ आडवा, घोडे आडवे, आणि मधोमध तो पक्षी. एक पंख तुटून खाली येतोय. मान वर. बाकीची पोथी मला सुंदर वाटली होती. हे पान बघून बाकीची विसरलो.

"वैनी, ओ वैनी!" मागून कुणी हाक मारली. गाय सुटून कुणाच्या तरी भाज्यांत शिरली होती. शेवंती घाईने उठली. "सायबानू, बघून झाला की फडक्यात बांधून ठेवा हां," म्हणाली आणि पदर खोचून धावली.

पडवीत मी, पोथी आणि एक मांजर.

मी चोर नव्हतो. आमच्या घरात कुणी कुणाचं पेरूचं झाडसुद्धा झोडलेलं नाही. त्या क्षणी मी स्वतःला सांगितलं, की चार दिवसांनी हे पान ओढ्यात लगदा होणार आहे. मी चोरत नाहीये, वाचवतोय. ते वाक्य मी मनात अगदी शुद्ध भाषेत म्हटलं होतं, हे मला आजही आठवतं. पान फाइलीत सरकवलं, पोथी फडक्यात गुंडाळली, गाठ मारली. शेवंती गायीला शिव्या देत परत आली तेव्हा मी मांजराला कुरवाळत बसलो होतो.

"झाला बघून?"

"झालं."

"च्या घेवा मगे," ती म्हणाली. मी तो चहासुद्धा प्यायलो.

*

पौर्णिमा शनिवारी होती. तोवरच्या रात्री कशा गेल्या ते सांगत बसत नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, आणि त्या आठवड्यात तर ते खरोखरीचं वाढत चाललं होतं. पान पेटीत ठेवलं तर वाडीतलं कुणीतरी ओळखणारच, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. इतका हुशार मी.

शनिवारी सकाळी वाडीत पोचलो, तर अंगण सारवलेलं, बारा-पंधरा माणसं जमलेली, आणि शेवंती पडवीच्या खांबाला टेकून बसलेली. डोळे सुजलेले. दोन दिवस तिने घर, गोठा, पेंढ्याची उडवी, सगळं उलथंपालथं केलं होतं.

"पान गेला," शेजारची बायजाकाकी मला मोठ्याने सांगू लागली, शेवंतीला ऐकू जाईल अशा बेताने. "जटायूचा. पोथी बायलेच्या हातात दिली, आणि काय होवचा होता? माझ्या सासऱ्यान तेवाच सांगलेला."

शेवंतीने मान वर केली नाही. निळी फाइल माझ्या काखेत होती. एक पाऊल पुढे टाकून ती उघडायची, एवढंच काम होतं. मी केलं नाही. नोकरी जाईल, लग्न मोडेल, पोलीस येतील, असं सगळं एकदम डोक्यात आलं. मी खाली चटईवर बसलो आणि फाइलीवर बसकण मारली.

तात्यांनी अंघोळ करून पोथीला हळदकुंकू वाहिलं. पाण्यात सोडण्याआधी पोथी एकदा शेवटची गायची, असा रिवाज. पान हरवलंय तर पुढे ढकला, असं कुणीतरी म्हणालं. तात्यांनी ऐकलंच नाही. वीणा लावली, फळी उभी केली, पहिलं पान टेकवलं.

मी त्यांना गाताना प्रथमच ऐकत होतो. टेप चालू करायचंही विसरलो. आवाज फाटका होता, पण कथा सांगताना त्यांचे कापणारे हात कापत नव्हते. दशरथ, कैकेयी, नावाडी, एकेक पान फळीवर येई आणि पालथं होऊन बाजूला जाई. बायका मधेच हसत, मधेच डोळे पुसत. मी पानं मोजत होतो. एकोणीस. वीस. एकवीस. बाविसाव्या पानावर रावणाने सीतेला उचललं.

तात्यांनी ते पान बाजूला ठेवलं. हात पुढच्या पानाकडे गेला नाही. फळी रिकामी राहिली.

आणि तात्या रिकाम्या फळीकडे बोट दाखवून गाऊ लागले. जटायू कसा उठला, म्हातारा होता तरी कसा उठला, चोच कुठे मारली, पंख कुठून तुटला. बोट फळीवरून अगदी तसंच फिरत होतं, जसं चित्रावरून फिरलं असतं. कुठे काही कमी नव्हतं. कमी होतं ते माझ्या बुडाखाली होतं.

मी उठलो. "तात्या," मी म्हणालो, आणि फाइल पुढे केली.

तात्यांनी वीणेवरचं बोट थांबवलं नाही. लोकांकडे बघून म्हणाले, "पान सायबांकडे आसा. मीच दिलंलंय तेंका, फोटो काढूक. म्हातारपणात इसारलंय आणि सुनेक उगीच रडयलंय. बायजा, तोंड मिट गो, माशी जायत." आणि मला म्हणाले, "द्या, बसा."

मी पान दिलं. त्यांनी ते फळीला लावलं, एकवार सगळ्यांना दिसू दिलं, पालथं केलं आणि पुढे गाऊ लागले. मी जो खाली बसलो तो राम अयोध्येला पोचेपर्यंत मान वर केली नाही.

*

कथा संपली तेव्हा दुपार झाली होती. जेवणं व्हायची होती. बायजाकाकी आता म्हणत होती, की पान गावलंच आहे तर शेवंतीने ते बघून काढावं, पोथी पुढच्या पौर्णिमेला सोडावी. बरोबरच होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

तात्यांनी सुनेला विचारलं, "शेवंती, बघून काढतलंस, की आयकान?"

आयकान म्हणजे ऐकून, पान न बघता. ती म्हणाली, "आयकान."

आम्ही जेवत होतो तेव्हा ती पडवीत बसली. जुनं पान फडक्यात बांधलेलंच होतं. तिने विचारून घेतलं नाही, उठून बघितलं नाही. तिच्या पाठीमागून मी बघत होतो. आठ वेळा फाडलेलं पान तिने तीन तासांत काढलं. तिचा जटायू लहान होता, अंगणावर घिरट्या घालणाऱ्या घारीएवढा. पंख तुटलेला. आणि चोच सताड उघडी.

"हेची चोच उघडी कित्याक गो?" बायजाकाकीने विचारलं. "आदल्यात मिटलेली आसा."

"मरताना तो गप कसो ऱ्हवात?" शेवंती रंग फुंकत म्हणाली. "रामाक सांगूचा होता मां तेका."

बायजाकाकीने वाकून ती चोच पुन्हा एकदा बघितली.

ऊन उतरल्यावर आम्ही व्हाळावर गेलो. तात्यांनी बाकीच्यांना वरच थांबवलं आणि मला म्हणाले, "माझे पाय धरणत नाय. तू उतर माझ्यावांगडा." सकाळपासूनचा 'सायबानू' गेला होता आणि 'तू' आला होता. मी तेच माझ्या लायकीचं समजलो.

गुडघाभर पाण्यात त्यांनी माझा खांदा धरला.

"तात्या, मी ते पान..."

"माका ठावक आसा. आमी फडक्याची गाठ डावीकडे मारतो. मंगळवारी ती उजवीकडे होती. शेवंतीच्या हातची ती न्हय."

"मग तेव्हाच का नाही बोललात? वहिनींना किती..."

"दोन दिस रडली ती. तां पाप माझ्या माथ्यार. तुझ्या दारात येवन मागलंय असतंय तर पान गावला असता. तू गावलं नसतंस. म्हणान वाट बघी होतंय." मग ते हसले. "सकाळी वायच भियालंय. म्हटलंय, हो काय उठणा नाय आता."

मी रडलो. लाज सोडून रडलो. वरून माणसं बघत होती. त्यांना वाटलं असेल, साहेबाला पोथीचं दुःख झालं.

तात्यांनी सदऱ्याच्या आतून मेणकापडाची एक घडी काढली. उलगडली. आत एक पान होतं, आणखी जुनं, घडीवर विरलेलं. रथ आडवा, घोडे आडवे, मधोमध तो पक्षी, मान वर. मी नेलेलं पान आणि हे पान, रेघेला रेघ एक.

"अकरा वर्षांचो होतंय मी," ते म्हणाले. "बापूस हयसरच उतरलो पोथी घेवन. मी एक पान चड्डयेत लपयलंय. तेका कधी कळला नाय. साठ वर्सां झाली. माझ्या पोथयेतली तिरेचाळीस पाना माझी, झिला. ह्यां एक बापाशीचा. जल्मभर ह्यां बघून तां काढलंय, माझो जटायू माका कधी गावलोच नाय. आणि लोकांका आवडता तां ह्यांच! तुकाय ह्यांच आवडला."

"म्हणून वहिनींना जमत नव्हतं?"

"नकलेची नक्कल कशी जमात? आज तिना काढल्यान आणि माका वाटला, आता ह्यां सोडूक हरकत नाय."

त्यांनी ते पान पोथीत ठेवलं, तेविसाव्या जागी, दोन्ही जटायू एकावर एक. फडकं माझ्या हातात दिलं.

"बांध. डावीकडे."

मी गाठ मारली. पोथी पाण्यावर क्षणभर तरंगली, मग भिजून जड झाली आणि बांधाच्या वळणाशी दिसेनाशी झाली. जिला शंभर वर्षं जपण्याची हमी मी दिली होती ती माझ्याच हातून गेली, आणि मला फार हलकं वाटलं.

*

उद्घाटनाला पेटी रिकामीच होती. आठल्येमॅडमनी ती पाहिली, मला पाहिलं, आणि पाहुण्यांसमोर बोलता येईना म्हणून दात आवळून म्हणाल्या, "ढोमणे, नंतर भेटा." पंधरा मिनिटांचा कार्यक्रम होता. तात्या गायला बसले, शेवंती शेजारी बसून तिच्या नव्या पोथीची पानं फळीला लावू लागली. सोळाव्या मिनिटाला मॅडमनी मला खूण केली, आटपा. मी जवळ जाऊन सांगितलं, "मॅडम, उघडलेली पोथी अर्ध्यावर मिटत नाहीत."

तीन तास! प्रमुख पाहुणे, त्यांचा ड्रायव्हर, फोटोग्राफर, सगळे अडकले. आधी घड्याळं बघत होते. जटायूच्या पानाशी येईपर्यंत कुणी बघेना. गाडीत बसताना मॅडम एवढंच म्हणाल्या, "ती पेटी परत पाठवा. जागा अडवते. तिथे चटया टाका, आणि त्या बाईंना रोज बसायला सांगा, रंग घेऊन."

माझा करार वाढला. मग आणखी वाढला. लग्नही झालं. शेवंतीच्या चटईवर वाडीतल्या बायका येऊन बसू लागल्या, मग मुलं. तीन वर्षांत अकरा घरांमधून नव्या पोथ्या निघाल्या आणि शेवंतीचा नवरा गोव्याची नोकरी सोडून कथेच्या साथीला हुडूक वाजवायला परत आला. मी पुढे राज्यभर फिरलो. विणकर, मुखवटे करणारे, वाद्यं घडवणारे, कुठेही गेलो तरी जुनी वस्तू बघण्याआधी विचारतो, पुढची कोण करतंय? लोक मला या विषयातला जाणकार समजतात. मी समजू देतो. हे ज्ञान गुडघाभर पाण्यात, चोरी पकडली गेल्यावर मिळालंय, हे भाषणात सांगता येत नाही.

तात्या जाऊन अठरा वर्षं झाली. त्या दिवशी अंगणात ते एक वाक्य खोटं बोलले नसते तर मी आज कोण असतो, हे मला नीट ठाऊक आहे. त्यांचे उपकार माझ्यावर आहेत आणि ते फिटावेत असं मला वाटतही नाही.

गेल्या आठवड्यात शेवंतीवहिनींचा फोन आला. चोवीस वर्षं रोज हाताळून त्यांची पोथी विरली होती. तात्यांच्या नातीने नवी पुरी केली होती.

"ह्या पुनवेक सोडूची आसा. येशात मां?"

"येणार म्हणजे काय, येणारच."

"येवा," त्या म्हणाल्या. चोवीस वर्षांत त्या पानाविषयी आमच्यात एक शब्द झाला नव्हता. पलीकडून हसण्याचा आवाज आला. "पण सायबानू, ती निळी फायल घराकच ठेवन येवा हां."